चेतकचा गिअरबॉक्स: दुसरा गिअर सुटायचा थांबला

गाडी १९९६ ची बजाज चेतक स्कूटर, तक्रार एकच. सपाट रस्त्याला काही नाही, पण कात्रजच्या जुन्या घाटात दुसऱ्यावर थ्रॉटल पिळला की खट्ट आवाज होऊन गिअर सुटायचा आणि इंजिन नुसतंच ओरडायचं. पुष्कळदा दोष हँडलवरून गिअर बदलणाऱ्या केबलींमध्ये निघतो, म्हणून आधी त्यांचा ताण जुळवला. हँडलवरची खूण आणि गिअर बरोबर जुळत होते, तरी सुटायचाच. म्हणजे काम आतलं. इंजिन उतरवलं.

ज्यांनी चेतक उघडलेली नाही त्यांच्यासाठी: या गाडीला चेन नाही, मागचं चाक थेट गिअरबॉक्सच्या मेन शाफ्टवर बसतं. शाफ्ट पोकळ असतो. त्याच्यावर चारही गिअर सुटे फिरतात आणि पोकळीत चार पायांचा क्रॉस मागेपुढे सरकतो. तो ज्या गिअरच्या आतल्या खाचांत शिरेल तो गिअर शाफ्टला धरतो. सगळा भार त्या चार पायांच्या कडांवर. बजाज आधी इटलीच्या व्हेस्पा स्कूटर परवान्यावर बनवायची; १९७२ ला चेतक आली तोवर तो परवाना संपला होता, पण मांडणी तीच राहिली.

क्रॉसपर्यंत पोचायला मात्र सगळं इंजिन मोकळं करावं लागतं. मॅग्नेट, क्लच, सिलिंडर, मागचा ड्रम, मग केसिंगचे दोन भाग. मॅग्नेटला आणि क्लचच्या नटाला त्यांचे स्वतःचे पुलर (ओढून काढायचं हत्यार) आणि पाने हवेतच. छिन्नी-हातोडीने क्लच नट काढणाऱ्यांशी माझं जमत नाही. केसिंग उघडताना खालच्या क्लस्टर गिअरच्या (एकाच तुकड्यातल्या जोडगिअरच्या) टोकाच्या बेअरिंगच्या सुट्या सुया घरंगळतात, म्हणून खाली ताट ठेवा. बसवताना त्या ग्रीसमध्ये चिकटवून बसवायच्या.

क्रॉस हातात घेतल्यावर कारण दिसलंच. कडा काटकोनात, तीक्ष्ण हव्यात. इथे दोन पायांच्या कडा चॉकलेट चघळल्यासारख्या गोल झालेल्या. दुसऱ्या गिअरच्या खाचांनाही हलकी झीज होती, नखाला लागेल न लागेल एवढी. गिअर ठेवला, क्रॉस बदलला. पूर्ण सेट टाकायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. मला तो पटत नाही: जुन्या गिअरचं पोलाद चांगलं असतं, आणि आज बाजारात मिळणाऱ्या नव्या गिअरबद्दल तसं छातीठोक सांगता येत नाही.

क्रॉस नाना पेठेतून आणला. दुकानातल्या काकांनी तीन डबे काढून समोर ठेवले आणि म्हणाले, "घाई करू नका, उजेडात नेऊन कड बघा." तिन्हींच्या किमतीत फरक होताच, पण घासकामातला फरक जास्त होता. सर्वात महाग होता तोच घेतला. एवढं इंजिन उघडल्यावर इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

क्रॉस बदलूनही गिअर सुटतो अशी तक्रार करणारे बहुधा शिम, म्हणजे फट भरून काढायची रिंग, विसरतात. चारही गिअर शाफ्टवर चढवून सर्किप (त्यांना अडवून धरणारी स्प्रिंगची कडी) लावला की गिअर आणि वरच्या रिंगमधली फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायची. व्हेस्पाच्या हिशेबाने ती ०.१५ ते ०.४० मिलिमीटर हवी. माझी त्याच्या बरीच वर होती. जाड रिंग घालून ०.२० वर आणली. गिअर आडवे हलले की क्रॉस खाचेत पुरता बसत नाही, मग नवी कडही लवकर झिजते. माझ्या मते अर्धा आजार हाच होता.

उघडलंच होतं म्हणून सगळे ऑइल सील, गॅस्केट आणि मेन शाफ्टचं बेअरिंगही नवीन टाकलं. ऑइल तीस नंबरचं, २५० मिली. क्लच त्याच ऑइलमध्ये भिजतो, त्यामुळे ९० नंबरचं घट्ट गिअर ऑइल नको.

रविवारी सकाळी कात्रज घाट, मागे माणूस बसवून. दुसरा गिअर वरपर्यंत टिकला. गाडी तापली की न्यूट्रल सापडायला अजून हट्ट करते; क्लच केबल जुनीच आहे, आता ती बदलणार. मागच्या ब्रेकच्या प्लेटमधून ऑइल येतंय का, तेही बघत राहायचं आहे.