सरांचा कॉन्स्टेबल

आमच्या चित्रकलेच्या सरांकडे छापील चित्रांचा जाडजूड गठ्ठा होता. इंटरमिजिएटच्या जादा तासाला त्यातून हमखास बाहेर यायचा तो इंग्लंडचा निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल. कडा फाटलेल्या, पिवळ्या पडलेल्या कागदावर त्याचं १८२१ सालचं ‘द हे वेन’, म्हणजे गवताची गाडी: उथळ नदीत उभी रिकामी गाडी, घोड्यांच्या गळ्यात लाल झालर, डावीकडे विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचं घर, काठावर कुत्रं आणि पार लांब कुरणात गवत कापणारी माणसं. सरांनी भिंग दिलं नसतं तर ती माणसं आम्हाला दिसलीच नसती.

निसर्गचित्र म्हटलं की आम्ही दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि एक नारळाचं झाड काढणारी पोरं. सर विचारायचे, “अरे, हे गाव कुठलं? तू पाहिलंयस का?” मग गोष्ट सुरू. कॉन्स्टेबलचा १७७६ साली पूर्व इंग्लंडातल्या सफोकमध्ये, ईस्ट बर्गहोल्ट गावी जन्म. वडील धान्याचे व्यापारी. स्टूर नदीवर पाणचक्क्या, शिवाय गावात पवनचक्की. पोरगाही काही काळ चक्कीवर कामाला होता. तिथल्या लाकडावर त्याने १७९२ साली स्वतःचं नाव कोरलं, हे ऐकून आमच्या बाकांना जरा प्रतिष्ठा आली. वारा कधी फिरतो यावर ज्याचा धंदा, त्याला आभाळ वाचता यावंच लागतं. कॉन्स्टेबलचा डोळा तिथेच तयार झाला, असं सरांचं ठाम मत. मलाही ते पटतं.

१८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला त्याने नुसत्या ढगांचे कितीतरी अभ्यास रंगवले. अनेकांच्या मागे तारीख, वेळ, वारा यांची नोंद आहे. सरांनी ते खूळ आमच्यामागेही लावलं. जूनमध्ये गच्चीवर बसून ढग काढायचे आणि पाठीमागे लिहायचं: ‘सकाळी साडेसात, वारा नैर्ऋत्येचा, पाऊस येणार’. भूगोलाचे सर खूश. गणिताच्या बाई मात्र वैतागलेल्या, कारण गणिताच्या वह्यांतही ढग जमू लागले होते.

‘द हे वेन’ रंगवताना तो होता लंडनमध्ये. गाडीच्या बारकाव्यांसाठी त्याने भावामार्फत गावाकडून रेखाटनं मागवली. एवढं करून रॉयल अकॅडमी या लंडनच्या मानाच्या कलासंस्थेच्या प्रदर्शनात चित्र विकलं गेलं नाही. १८२४ मध्ये पॅरिसला मात्र त्याला सुवर्णपदक मिळालं आणि ते चित्र बघून फ्रेंच चित्रकार देलाक्र्वाने स्वतःच्या चित्रावर पुन्हा हात फिरवला. मायदेशी कौतुक उशिराच. त्याच्याहून वर्षभराने मोठा इंग्रज चित्रकार टर्नर सव्विसाव्या वर्षी अकॅडमीचा पूर्ण सदस्य झाला. कॉन्स्टेबल १८२९ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, तोही एका मताने. तोवर पत्नी मारिया क्षयाने गेली होती, सात मुलं मागे ठेवून. हा भाग सर घाईघाईत उरकायचे.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधीच सांगितली नाही. १८१६ आणि १८२२ मध्ये त्याच पूर्व इंग्लंडात शेतमजुरांचे दंगे झाले, यंत्रं मोडली गेली, जाळपोळ झाली. कॉन्स्टेबलच्या कुरणात त्यातलं काही दिसत नाही. तो चक्कीमालकाचा मुलगा होता, कुरणही त्याने त्याच बाजूने पाहिलं. हे मला पुढे वाचताना कळलं. सरांशी यावर वाद घालायला मजा आली असती. त्यांनी हार मानली नसती, हे नक्की.

आपल्या शाळेतली पुष्कळ मुलं आता नोकरीनिमित्त लंडनला असतात. त्यांनी नॅशनल गॅलरीतलं मूळ चित्र पाहावंच, पण व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही जावं. दोन्हीकडे प्रवेश फुकट आहे. कॉन्स्टेबलने पक्क्या चित्राआधी त्याच मापाचा एक कच्चा खर्डा रंगवला होता, तो तिथे आहे. ब्रशचे फटकारे मोकळे, झाडं नुसती झुपक्यांची, आणि माझ्या मते पक्क्यापेक्षा सरसच.