पाण्याखालचा बापू

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बडोद्याची विश्वामित्री नदी चढली तेव्हा आम्ही अकोट्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन दिवस अडकून पडलो होतो. लाइट गेलेली, खाली पार्किंगमधल्या गाड्यांची नुसती टपं दिसत होती, आणि आमच्याच भागात कुणाच्या तरी छपरावर चढून बसलेल्या मगरीचा फोटो मोबाइलवर फिरत होता. बापूचा मेसेज दर दोन तासांनी यायचा, "किती फूट?" पाणी ३५ च्या वर गेल्याचं कळवलं तेव्हा त्याने सरळ फोन लावला. "अरे, मी समुद्राच्या तीन मीटर खाली झोपतो आणि माझे पाय कोरडे आहेत. तू दुसऱ्या मजल्यावर राहून अडकलास! मे महिन्यात सगळे इकडे या. काकूंनाही आण."

बापू म्हणजे माझा कलाभवनातला, बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला, वर्गमित्र, सिव्हिलचा. दांडिया बाजारात आमची घरं समोरासमोर होती. पाण्याचं शास्त्र शिकायला म्हणून नेदरलँड्सच्या डेल्फ्टला गेला आणि तिथलाच झाला. वीस वर्षं "या, या" करतोय. आम्ही वीस वर्षं "बघू" म्हणतोय. पुराने ते एकदाचं ठरवून टाकलं.

व्हिसाचं फार सांगत बसत नाही. माणशी ९० युरो, पोराचं वय अकरा म्हणून त्याला ४५, वर ३०,००० युरोंचा विमा. आईच्या बोटांचे ठसे मात्र मशीनला काही केल्या उमटेनात. पन्नास वर्षं भांडी घासलेली बोटं ती. खिडकीतली मुलगी "आंटी, जोर से दबाओ" म्हणत राहिली आणि आई शेवटी चिडून म्हणाली, "अगं, रेषाच उरल्या नाहीत तर दाबून काय होणार?" सातव्या खेपेला उमटले.

दुसरं प्रकरण पेढ्यांचं. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, हे बापूने निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं. तोवर आईने एक किलो पेढे बांधले होते. ते आम्ही दुबईच्या विमानतळावर, पहाटे चार वाजता, खुर्च्यांवर बसून संपवले. शेजारच्या एका सुरती कुटुंबालाही वाटले. लीलो चेवडो, शेव आणि उसळीचा मसाला तेवढा पुढे गेला.

ॲमस्टरडॅमचा विमानतळ पूर्वी तळं होता. १८५२ मध्ये वाफेच्या पंपांनी ते उपसून कोरडं केलं, त्यामुळे धावपट्ट्यासुद्धा समुद्राच्या पातळीखाली आहेत. बापूने गाडीत बसल्या बसल्या हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे विमान टेकलं तरी आपण अजून खालीच चाललोय म्हण की!"

ट्यूलिप मात्र संपले होते. बायकोने वर्षभर त्याच फुलांचे फोटो जमवले होते, पण ट्यूलिपची बाग मेच्या मध्यालाच बंद होते आणि गुजरातच्या शाळांना सुट्टी पडते मेमध्ये. बापूची बायको म्हणाली, "वहिनी, हेगला नेते तुम्हाला. तिथे व्हर्मीरची चित्रं बघा, ती बारा महिने फुललेली असतात." दोघी दिवसभर गेल्या. परत आल्यावर बायको डेल्फ्टच्या त्या चित्रातल्या ढगांबद्दलच बोलत होती, ट्यूलिपचं नाव नाही.

बापूचं घर डेल्फ्टच्या बाहेर एका पोल्डरमध्ये आहे. पोल्डर म्हणजे बांध घालून, पाणी उपसून काढलेली जमीन. जिना इतका उभा की बॅगा वर नेताना बापू पुढून ओढत होता आणि मी खालून डोक्याने रेटत होतो. मागच्या दारी पायऱ्या, आणि पायऱ्यांपाशी चर. त्यात बदकं. चरात एक पट्टी रोवलेली होती, पाण्याची पातळी मोजायची. पोरगा रोज सकाळी उठून ती वाचायचा. पहिल्याच दिवशी धावत आला, "बाबा, इथे पाणी उणे आहे!" आकड्याआधी खरंच उण्याची खूण होती. बापूने त्याला समजावलं की सगळ्या देशाचा शून्य एकच धरलेला आहे, साधारण समुद्राच्या पातळीचा, आणि आपलं अंगण त्याच्या खाली आहे. पोराने ते लगेच स्वीकारलं. मला रात्री जरा वेळ झोप लागली नाही.

झोप न लागायला उजेडही कारण होता. पावणेदहापर्यंत सूर्य मावळत नव्हता. आईपुढे प्रश्न पडला, दिवेलागण कधी करायची? दोन दिवस ती खिडकीशी वाट बघत बसली. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच तोडगा काढला: बडोद्याच्या सव्वासातला, म्हणजे तिथल्या दुपारी पावणेचारला, देवापुढे दिवा. लख्ख उन्हात शुभंकरोती झाली. बापूची मुलगीही हात जोडून उभी राहिली. ती मराठी बोलते ती हुबेहूब बापूची, म्हणजे १९९५ सालची दांडिया बाजाराची. भाजीला "शाक" म्हणते. पुण्याला गेली तर बिचारीला हसतील.

किंडरडाइकच्या पवनचक्क्या बघायला रॉटरडॅमहून बोटीने गेलो. एकोणीस चक्क्या, बहुतेक १७४० च्या सुमाराच्या. फोटोत त्या शोभेच्या वाटतात. आत गेल्यावर कळतं की हा पंप आहे. वारा पाती फिरवतो, पाती खालचं चाक फिरवतात आणि चाक खोलगट शेताचं पाणी जरा वरच्या साठ्यात टाकतं. नदी उतरली की तिथून ते नदीत सोडायचं. माणसं कुटुंबासकट चक्कीतच राहायची. भिंतीत कपाटासारखा पलंग, दारं लावून घ्यायची. आईने दार उघडून आत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आपल्या फडताळात गाद्या ठेवायचो, यांनी माणसं ठेवली." पोरांना रात्री वारा सुटला की उठवायचे का, असंही तिने तिथल्या माणसाला विचारायला लावलं. बापूने डचमध्ये विचारलं. तो हसून म्हणाला, वारा आला की सगळेच उठायचे.

पण मला चटका लावून गेलं ते नायमेगेन शहर. वाल नदी तिथे शहराशी वळते आणि चिंचोळी होते. १९९५ मध्ये नद्या अशा फुगल्या की त्या पट्ट्यातल्या दोन लाखांहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. नंतर त्यांनी बांध उंच करण्याऐवजी ३५० मीटर मागे सरकवला. पन्नासेक घरं उठवली आणि नदीला शेजारून आणखी एक पात्र खणून दिलं. आम्ही गेलो तेव्हा त्या पात्रात पोरं पोहत होती.

बांधावर बसून बापू आणि मी अर्धा तास भांडलो. तो म्हणतो, विश्वामित्रीला कोतरं, म्हणजे काठच्या घळी, होती, पुराचं पाणी त्यात पसरायचं. ती बुजवून आपण सोसायट्या बांधल्या. मी म्हणालो, त्या सोसायट्यांत तुझे सासरे राहतात. तो म्हणाला, म्हणूनच बोलतोय. मी म्हणालो, पन्नास घरं उठवणं सोपं, आपल्याकडे किती हजार उठवशील? यावर तो गप्प बसला. तिकडे पाण्याची वेगळी मंडळं आहेत, वेगळा कर, वेगळी निवडणूक. डेल्फ्टकडचं मंडळ १२८९ पासूनचं. बापू तो कर भरताना कुरकुरतो, हे त्याच्या बायकोने हळूच सांगितलं.

शेवटच्या रविवारी सेवउसळ. पांढरे वाटाणे हेगच्या सुरिनामी दुकानातून आले. त्या दुकानदाराचे पूर्वज बिहारकडून मजूर म्हणून सुरिनामला गेलेले. आईशी तो भोजपुरीसारखं काही बोलला, आई गुजरातीत बोलली, वाटाणे बरोबर मिळाले. रश्श्याची तरी मी केली, पाणी बापूने ओतलं. लाल तवंग बघून त्याचे शेजारी दोन पावलं मागे सरले, मग तीन वाट्या संपवून गेले. बापूने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "पाणी जास्त झालं." आई म्हणाली, "तुझ्याच हातचं आहे."

परत आलो त्याला महिना झाला. परवा पहिला जोराचा पाऊस पडला. संध्याकाळी पोराला घेऊन विश्वामित्रीवरच्या काळ्या घोड्याच्या पुलावर गेलो. पाणी गढूळ, काठावर एक मगर पसरलेली. आकडा अकरा फूट म्हणत होते. पोराने विचारलं, "अकरा फूट, पण कशाच्या वर?"

मी सिव्हिल इंजिनिअर. बापूला मेसेज टाकला. त्याचं उत्तर रात्री आलं. "माझ्या सासऱ्यांच्या पायरीपासून मोज. किती राहिलंय?"