गिरणी किती लांब?

वाडा पाडून तिथं अपार्टमेंट करायचं ठरलंय, हे घरमालकांनी आम्हाला चहा पाजून सांगितलं. चहा पाजून सांगितलेल्या गोष्टीवर भांडता येत नाही. "घाई नाही हो, संक्रांत होऊ द्या, मग निवांत बघा," असंही म्हणाले. सोलापुरात उत्तर कसब्यात राहणाऱ्या भाडेकरूला संक्रांतीपर्यंत मुदत देणं म्हणजे काय, हे त्यांना नीट माहीत होतं. संक्रांतीच्या जत्रेत मानकरी हिरेहब्बूंच्या वाड्यातून ग्रामदैवत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, ते आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं त्या उंच काठ्या पेलत ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघाली की आमच्या घरी सकाळपासून चपलांचा ढीग. वर्षभर ज्यांना आमचा फोन लागत नाही, ते नातेवाईक त्या दिवशी अचूक दारात. तर ती एक संक्रांत पदरात घालून आम्हाला घर शोधायला मोकळं केलं.

मी हिशेबातला माणूस. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात बसून जमाखर्च बघतो. त्यामुळं पहिल्याच रात्री मोबाईलवर तक्ता केला: भाग, भाडं, माझं ऑफिस किती किलोमीटर, बायकोचं कॉलेज किती किलोमीटर. बायको पुणे रस्त्याकडं शिकवते. म्हणजे एक नवरा शहराच्या या टोकाला आणि बायको त्या टोकाला, अन् आजवर आम्ही बरोबर मध्यात राहत होतो, हे तक्ता केल्यावर कळलं. मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "नेटला रेंज पाहिजे फक्त." आईनं तक्ता बघितलाच नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "तिथं जवारी दळून मिळतंय का बघ आधी. बाकीचं मग."

हसलो आम्ही. सोलापुरात जवारी दळून मिळत नाही असा भाग असेल कुठं?

असतो. म्हणजे गिरणी असते, पण आईला हवी तशी नसते. तिचं शास्त्र असं. जवारीचं पीठ चार-पाच दिवसांच्या वर ठेवायचं नाही. त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. विरी गेली की भाकरी थापताना कडेला चिरा पडतात, उचलली की तुटते, मग कितीही कढत पाण्यात पीठ मळा. म्हणून दळण थोडं न्यायचं आणि वारंवार न्यायचं. म्हणजे गिरणी पायी जाण्याच्या अंतरावर पाहिजे. पुन्हा जवारीचा दगड वेगळा पाहिजे. एकाच दगडावर गहू दळून त्यावर जवारी टाकली, की पहिलं किलोभर पीठ धड पोळीचं नाही, धड भाकरीचं नाही. आणि दगडाला टाकी लावली, म्हणजे छिन्नीनं ठोकून खरखरीत केला असेल, त्या दिवशी तर गिरणीच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, कच लागते दाताखाली. बाळीवेशीजवळची आमची गिरणी हे सगळे नियम पाळते. गिरणीवाल्यांच्या पापण्यांवर पीठ बसलेलं असतं, तसेच ते ओरडतात, "बर्री अक्का!" आई कन्नडमधून त्यांच्या सुनेची चौकशी करते, डबा ठेवते, कस्तुरबा मार्केटात जाऊन मेथीची जुडी घेते, अन् परत येईपर्यंत दळण तयार. डबा हातात घ्यायच्या आधी चिमूटभर पीठ अंगठ्यावर चोळून बघते. ते बघणं म्हणजे सराफ कट्ट्यावर सोनं पारखणाऱ्यासारखं. मला आजवर त्या चिमटीतलं काही कळलेलं नाही.

"घरघंटी घेऊ की आई," बायकोनं सुचवलं. आईनं फक्त, "तुझ्या नणंदेची बघितलीस का?" एवढंच विचारलं. माझ्या बहिणीनं हौसेनं घेतलेल्या घरघंटीवर सध्या मनीप्लांटची कुंडी आहे.

तर पहिल्या रविवारी आम्ही पूर्व भागात गेलो. अशोक चौकाच्या अलीकडं एक घर होतं, माझ्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर. दारात घरमालकीणबाई मांडीत सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. आमच्याशी मराठीत बोलत होत्या, विड्या तेलुगूत मोजत होत्या आणि दोन्हीकडं चूक होत नव्हती. शेजारच्या शेडमध्ये माग चालू. खटखट, खटखट. मला त्या आवाजाची सवय आहे, उलट माग थांबला की आमच्या कारखान्यात सगळे दचकून वर बघतात. चिप्पा मार्केट जवळ, भाजी ताजी. मी मनातल्या मनात आगाऊ भाडं देऊनही टाकलं. पण बायकोनं तिथूनच स्कूटर काढली आणि कॉलेजच्या गेटपर्यंत जाऊन आली. रविवारी, रिकाम्या रस्त्यानं, पाऊण तास. "सोमवारी किती लागेल तुम्हीच सांगा," म्हणाली. मी सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र तिला समजावून सांगायचा मी प्रयत्न केला. पूर्वेला राहून पश्चिमेकडं नोकरी करणाऱ्यासारखा सोलापुरात सुखी माणूस नाही. सकाळी ऊन पाठीवर घेऊन जातो, संध्याकाळी पाठीवर घेऊन येतो. उलट पश्चिमेला राहून माझ्यासारखा पूर्वेला जाणारा दोन्ही वेळा सूर्याच्या तोंडी. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेल्यावर याचा अर्थ काय होतो, ते हेल्मेटची काच खाली घेऊन सिग्नलला उभं राहिल्याशिवाय कळत नाही. कुठल्याही जाहिरातीत हे नसतं. 'पूर्वाभिमुख फ्लॅट' असतो. पूर्वाभिमुख नोकरीबद्दल कुणी बोलत नाही. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, गॉगल घ्या."

दुसऱ्या रविवारी बाळे. इथं आई स्वतःहून तयार झाली, कारण खंडोबा. मार्गशीर्षातले रविवार, भंडारा, वांग्याचं भरीत, तिचं सगळं ठरलं. बायकोला कॉलेज दहा मिनिटांवर. मी मुकाट्यानं माझ्या बारा-तेरा किलोमीटरची तयारी केली: पुणे नाका, मग अख्खं गाव ओलांडून पलीकडं. पण घर तिसऱ्या मजल्यावर निघालं, लिफ्ट नाही. आई दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला धरून थांबली आणि म्हणाली, "देव खालीच हाय की." उतरलो.

मधल्या एका रविवारी होटगी रस्त्याकडंही जाऊन आलो. तिथला एजंट उत्साही. "साहेब, विमानतळ दहा मिनिटांवर!" विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, त्यानंतर दोन वर्षांनी विमानं सुरू झाली, हे आम्हालाही माहीत होतं. पण आम्ही वर्षातून एकदा पुण्याला जाणारी माणसं, तेही हुतात्मा एक्स्प्रेसनं, डब्यात शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून. विमानतळ जवळ असून आमचा काय फायदा? मला तर ती चिमणीच आठवत राहिली. त्या भागात कुणाला पत्ता सांगायचा म्हणजे चिमणीच्या अलीकडं की पलीकडं, एवढं पुरायचं. आता एजंट 'लोकेशन' पाठवतो.

पत्त्यावरून आठवलं, सोलापुरात घर बघायला निघालं की गाव कसं वाढलं ते पायाला कळतं. आधी वेशी: बाळीवेस, विजापूर वेस, तुळजापूर वेस, कुंभारवेस. वेशी नाहीत, नावं आहेत. मग पेठा, काहींना तर थेट वारांचीच नावं. मग नाके. जकात गेली, नाके राहिले. अजूनही रिक्षावाल्याला जुना पुणे नाका म्हटलं की पुरतं. १९६४ साली महापालिका झाली आणि १९९२ साली आजूबाजूची गावं आत घेतली, त्याला हद्दवाढ म्हणतात. आता हा सरकारी शब्दच पत्ता झालाय. "कुठं राहता?" "हद्दवाढ भागात." जगात दुसरीकडं कुठं माणूस असा क्रियेत राहत असेल असं वाटत नाही.

आणि या हद्दवाढ भागातला प्रत्येक माणूस बाजाराला निघताना म्हणतो, "जरा गावात जाऊन येतो." गाव म्हणजे नवी पेठ, टिळक चौक, मधला मारुती, चाटी गल्ली. म्हणजे आम्ही आजवर राहत होतो ते. लग्नाचा बस्ता गावात, भांडी गावात, दिवाळीचा किराणा घाऊक भावात गावात. तिकडं मोठमोठे मार्ट झालेत, ढकलगाड्या ढकलत लोक थंडाव्यात तासभर फिरतात, तरी जिऱ्यासाठी गावातच येतात. आमच्या ऑफिसातला एक मित्र गेली बारा वर्षं जुळे सोलापूर या नव्या भागात राहतो. त्याला विचारलं, "तिथं सगळं मिळतं का बे?" म्हणाला, "सगळं मिळतंय की. फक्त पावशेर मिळत नाही."

त्याचं म्हणणं असं की नव्या भागात सगळं पाकिटात. पाकीट एक किलोचं, नाहीतर पाचशे ग्रॅमचं. आमच्या कोपऱ्यावरचा किराणावाला पाच रुपयांची बडीशेप कागदाच्या पुडीत देतो, वहीत लिहितो, आणि आई महिन्याच्या शेवटी ती वही वाचून त्याच्याशी भांडते. या भांडणाला दोघंही वेळ काढतात. मार्टमधल्या मुलीशी असं भांडता येणार नाही, ती बिचारी "कॅरीबॅग हवीय का?" याच्यापुढं जातच नाही.

शेवटी जुळे सोलापूरच. कारण मला लांब, बायकोला लांब, आणि दोघांनाही जवळपास सारखंच लांब. संसारात यालाच मध्यबिंदू म्हणत असावेत. मित्रानंच घर दाखवलं, तळमजला, अंगणात कडुलिंब. मालक सज्जन वाटले. सोलापुरात घर बघताना खोल्या मोजण्याआधी पाणी विचारायचं असतं, तसं विचारलं. नळ कितव्या दिवशी? हौद केवढा? बोअर आहे का, आणि त्याचं पाणी भांड्यांवर पांढरं बसतं का? उजनीचं पाणी एवढ्या लांबून येतं, पण मधल्या दिवसांचं काय करायचं ते ज्याचं त्यानं बघायचं. मालकांनी हौदाचं झाकण उघडून दाखवलं. इथं हौद असा दाखवतात, जसा दुसरीकडं कुणी दिवाणखाना दाखवत असेल.

मी आसरा पुलावरून ऑफिसला जायचा हिशेब घातला. पूल अरुंद, सकाळी नऊला तिथं सगळं जुळे सोलापूर एकाच वेळी चढतं. पंचवीस मिनिटं. बायकोनं विजापूर रोडनं सात रस्ता, पुढं पुणे नाका असा घातला. तीस. ठीक. तक्त्यात दोन्ही आकडे भरले, खाली बेरीज घेतली. बेरीज घेऊन काय मिळणार होतं कुणास ठाऊक, पण सवय.

आई घरात आलीच नाही. मित्राच्या बायकोला घेऊन ती कोपऱ्यापर्यंत गेली होती. आम्ही शोधत गेलो तर दोन दुकानांच्या बोळात एक गिरणी, आणि बाहेरच्या बाकावर आई. गिरणी चालवणारी बाई चाळिशीची, डोक्याला ओढणी बांधलेली.

"जवारी कधी दळता?" आईनं विचारलेलं बहुतेक आम्ही पोचायच्या आधीच, कारण बाई सांगत होत्या, "सकाळी आठ ते बारा नुसती जवारी. गहू दुपारनंतर. मिसळत नाही बघा मी."

"दगड?"

"वेगळा हाय की मावशी. या, बघा."

आई खरंच आत गेली. पट्टा फिरत होता, आतल्या भिंतींवर पिठाची साय धरलेली. बाईंनी कुणाच्या तरी डब्यातलं चिमूटभर पीठ तिच्या हातावर ठेवलं. परक्याचं दळण! पण त्या दोघींना त्यात काही वावगं वाटलं नाही. आईनं ते अंगठ्यावर चोळलं, डोळे बारीक केले, तळव्यावर घेऊन नाकाशी नेलं. मी मालकांकडं बघून उगाच हसलो. ते घड्याळ बघत होते.

"मालदांडी हाय," आई म्हणाली.

"मंगळवेढ्याची," बाई म्हणाल्या. "ज्यांचं दळण हाय, त्यांचं शेत हाय तिकडं."

"दोन किलो मिळंल का त्यांच्याकडनं?"

घराचं बोलणं न होताच आम्ही परत निघालो. रिक्षात पिठाची पिशवी, अजून कोमट. आईनं ती मांडीवर धरली होती. रात्री तिनं भाकरी टाकली. थापताना परातीत भाकरी फिरत होती, कड गुळगुळीत, एक चीर नाही. तव्यावर पाणी फिरवलं, उलटली, मग जाळावर टेकवली तशी टम्म फुगली. शेंगाची चटणी आणि तेल वाढून तिनं ताट माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाली, "नळ कितव्या दिवशी येतोय म्हणाला रं त्यो?"

"पाचव्या."

"मग दोन पिंपं जास्त घे."