सत्तरीत कॅमेरा घेऊन यायचे असेल, तर मृगानंतर या

डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईकडच्या ओळखीच्या मंडळींचे फोन सुरू होतात. गोव्याला येणारच आहोत, तर दोन दिवस जंगलासाठी काढतो, कुठे काय दिसेल ते सांग, असा एकूण सूर असतो. मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईजवळ राहतो, हातात कॅमेरा धरून आता बरीच वर्षे झाली, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणे साहजिकच आहे. माझे उत्तर मात्र कोणालाच फारसे रुचत नाही: मृग लागल्यावर या, आणि छत्री आणा.

ताडोबा किंवा कान्हा पाहिलेल्या माणसाची पहिली अडचण अशी की, सत्तरीत वन्यजीव पाहणे म्हणजे उघड्या गाडीत बसून माळावरचे प्राणी पाहणे नव्हे. म्हादई अभयारण्य १९९९ साली घोषित झाले, त्याचा विस्तार सुमारे २०८ चौरस किलोमीटर आहे, आणि त्यातले बहुतेक रान इतके दाट आहे की दहा पावलांवर उभे असलेले भेकरसुद्धा केवळ ओरडण्यावरूनच कळते. वाघ आहेत का, हे हमखास विचारले जाते. आहेत; आणि जानेवारी २०२० मध्ये गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले सापडले, हेही सांगावे लागते. अशा रानात वाघाचा फोटो काढण्याची अपेक्षा कोणी ठेवू नये. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी तेवढा भेटत राहतो, परंतु बहुतेक वेळा तो काजूच्या बागेच्या कडेला, तिन्हीसांजेला भेटतो, आणि नेमका तेव्हाच कॅमेरा घरी राहिलेला असतो.

पावसाळ्यात मात्र हेच रान आपल्या पायाशी येते. माझ्या मते सत्तरीतली सर्वांत उत्तम जागा अभयारण्याच्या फाटकाच्या आत नाहीच, ती कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागायतीत आहे. पोफळी, केळी, मिरवेल, जायफळ, त्यांतून खळाळणारा पाट आणि पाणी साठवायची चिऱ्यांची तळी, एवढे असले की रानातले अर्धे जीव तिथे आपणहून वस्तीला येतात. आमच्या काकांच्या कुळागरात अशी एक तळी आहे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात, चांगला पाऊस पडून गेल्यावर, रात्री नऊच्या सुमारास तळीवर ओणवलेल्या जायफळाच्या फांदीवरून लाकडावर लाकूड आपटल्यासारखा टक-टक-टक आवाज येऊ लागतो. तो मलबारी उडत्या बेडकाच्या नराचा. अंगाने पोपटी हिरवा, बोटांमधले पडदे नारिंगी-तांबडे, आणि उंच फांदीवरून झेप घेताना तेच पडदे पसरून तो तरंगत खाली येतो. मादी आकाराने मोठी असते. नराला पाठीवर घेऊन ती पाण्यावर आलेल्या पानांपर्यंत सरकते, अंगातून स्रवणारा द्रव मागच्या पायांनी घुसळून त्याचा पांढरा फेस करते, आणि त्या फेसात अंडी घालते. आठवडाभरात फेस खालून ओघळू लागतो आणि त्यातून बेडूकमासे एकेक करून थेट तळीच्या पाण्यात पडतात.

हे घरटे पहिल्यांदा दिसले तेव्हा काकू म्हणाली, "झाडाला साबण कोणी लावला रे?" मी इतका हरखलो होतो की मध्ये येणारे एक पान सरळ तोडून टाकले आणि मनासारखा फोटो घेतला. दुसऱ्या दिवशी पावसाने उघडीप दिली. त्या पानाच्या आडोशाने जे ऊन अडले असते ते थेट घरट्यावर पडले, आणि दुपारपर्यंत फेसाची पिवळट, कडक खपली झाली. त्यातून काही खाली पडलेले मी पाहिले नाही. तो फोटो चांगला आला आहे, पण मी तो कोणाला दाखवत नाही. तेव्हापासून पान मध्ये आले तर मी स्वतः जागा बदलतो, आणि तरीही जमले नाही तर पानासकट फोटो घेतो.

तांत्रिक बाबी थोडक्यात सांगतो. शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स पुरते. फ्लॅश समोरून मारला की ओल्या कातडीवर पांढरे डाग उमटतात, म्हणून प्रकाश बाजूने आणि पातळ पांढऱ्या कापडातून द्यावा. एसी लावलेल्या गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला, तर काच आतून-बाहेरून धुरकटते आणि ती निवळेपर्यंत अर्धा तास जातो. गाडीचा एसी आधीच बंद करणे हा एकच खात्रीचा उपाय मला सापडला आहे. जळवांसाठी पायमोजे पँटवर ओढून घ्यावेत.

रात्री बॅटरी घेऊन शेतात हिंडताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पहिल्या पावसात मोठे बैलबेडूक हळदीसारखे पिवळेजर्द होऊन खाचरांत ओरडतात, आणि 'जंपिंग चिकन' या नावाने त्यांची चोरटी शिकार होते. ही शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, म्हणून गावकरी अनोळखी बॅटरीकडे संशयाने पाहतात आणि ते योग्यच करतात. वाटेत भेटेल त्याला आपण कोण, कोणाकडे उतरलो आहोत हे आधीच सांगावे.

कुळागरानंतर माझी पसंती चोर्ला घाटावरच्या सड्याला, म्हणजे कातळाच्या पठाराला. केरी सोडून वर चढले की सुर्लाच्या बाजूला, सुमारे आठशे मीटर उंचीवर, जुलैत धुके इतके दाट असते की पुढे चालणारा माणूस दिसत नाही. धुक्याआडून शीळकरी कस्तूर एखाद्या निरुद्योगी मुलासारखा शीळ घालत असतो. सड्यावरच्या डबक्यांत लहानसे, मातकट बेडूक असतात. त्यांच्याकडे मी वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले होते. परंतु गोव्याच्याच सड्यांवरून अशा एका बेडकाचे नवी जात म्हणून २०१८ मध्ये वर्णन झाले आणि त्याला 'गोएंची' असे नाव मिळाले, तेव्हापासून मी डबक्यापाशी गुडघे टेकून बसू लागलो. घाटात झुडपांच्या फांद्यांवर चापडा हा विषारी साप वेटोळे घालून बसलेला असतो. कधी हिरवा, कधी पिवळा, कधी विटकरी, आणि त्याच फांदीवर दिवसच्या दिवस न हलणारा. त्याच्या याच स्वभावामुळे फोटोवाल्यांची चैन होते आणि त्याचे हाल होतात. मागे एका गटाने काठीने उचलून त्याला शेवाळलेल्या दगडावर ठेवला, कारण काय, तर मागची पार्श्वभूमी चांगली दिसत नव्हती. मी बोललो, त्यांना राग आला, आणि आमच्या त्या वादात एका ट्रकने रस्ता ओलांडणारा बेडूक चिरडला, तिकडे आम्हा दोघांचेही लक्ष नव्हते.

ब्रह्माकरमळीजवळच्या बांबर गावातली निरंकाराची राय मात्र कॅमेऱ्यात नीट येत नाही. रानजायफळांचा हा दलदलीचा तुकडा गावाने देवाच्या नावाने राखला आहे. चिखलातून गुडघा दुमडल्यासारखी वर आलेली मुळे आणि अंधुक उजेड, एवढेच फोटोत उतरते. तिथे पादत्राणे काढूनच जावे, आणि चिखलात उगाच पावले रोवू नयेत.

ज्यांना थंडीतच यायचे आहे, त्यांनी सत्तरीचा हट्ट सोडून पणजीकडच्या तिसवाडी तालुक्यात उतरावे. करमळीच्या तळ्यावर अडई बदके आणि कमळपक्षी काठावरूनच दिसतात. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला गेले की डॉ. सालिम अलींच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे, अवघे १.७८ चौरस किलोमीटरचे, सगळे खारफुटीचे. ओहोटी लागताना जावे, म्हणजे उघड्या पडणाऱ्या चिखलावर चिखल्या, खेकडे आणि त्यांच्यामागे बगळे येतात. नशीब असेल तर पाणमांजरांची जोडीही दिसते. बोंडला अभयारण्य मुलांसाठी ठीक आहे. काणकोणच्या गालजीबागला कासवे अंडी घालायला येतात, तिथे रात्री फ्लॅश पेटवायचाच नाही, म्हणून मी कॅमेरा घेऊन जात नाही.

यंदा कोणी येणार असेल, तर मृगाच्या आधीच कळवावे. काकूची तक्रार आहे की बेडूकवाले रात्री अकराला भिजून येतात आणि मग पेजेवर भागवतात; आधी सांगितले, तर ती सोलकढी करून ठेवील.