आठ बाइट्सचा टाइमस्टॅम्प आणि १९२८ सालची तारीख

आयबीएमच्या एएस/४०० या व्यावसायिक संगणकांवर, म्हणजे आजच्या आयबीएम आय वर, एमआय (मशीन इंटरफेस, यंत्राच्या मूळ सूचनांची) पातळीवरच्या मॅटटॉड (MATTOD) सूचनेने घड्याळ वाचलं की तारीख मिळत नाही, आठ बाइट्स मिळतात. जर्नलच्या (सिस्टिम ठेवते त्या बदलांच्या नोंदवहीच्या) नोंदी एपीआयने (प्रोग्राममधून बोलवायच्या सिस्टिमच्या सेवेने) उचलल्या तरी तेच. या बाइट्सची तारीख करणं अवघड नाही, पण दोन गोष्टी माहीत नसतील तर उत्तर हमखास चुकतं.

पहिली गोष्ट म्हणजे या ६४ बिट्सपैकी सगळे वेळेचे नाहीत. आयबीएमच्या पद्धतीने सर्वांत डावीकडचा बिट ० धरला, तर ० ते ४८ हे ४९ बिट वेळेचे आणि बिट ४८ ची किंमत ८ मायक्रोसेकंद. उरलेले १५ बिट फक्त वेगळेपणासाठी असतात, म्हणजे एकाच ८ मायक्रोसेकंदांत दोनदा घड्याळ वाचलं तरी दोन किमती सारख्या येऊ नयेत म्हणून. त्यांतून जास्त अचूक वेळ काढायला जाऊ नका, ती तिथे नाहीच.

दुसरी गोष्ट, १ जानेवारी २००० ची मध्यरात्र शून्यावर नसून बरोबर मध्यावर आहे: हेक्समध्ये (सोळा-आधारी अंकांत) ८ आणि पुढे पंधरा शून्यं. खरं शून्य पडतं २३ ऑगस्ट १९२८ रोजी १२:०३:०६.३१४७५२ ला, आणि ही मोजणी १० मे २०७१ ला संपते.

म्हणून क्रम असा ठेवा. आठ बाइट्स बिनचिन्ह ६४-बिट पूर्णांक म्हणून वाचा; आरपीजी या भाषेत डेटा स्ट्रक्चरमध्ये त्याच जागेवर २०यू (बिनचिन्ह ६४-बिट) फील्ड ठेवलं की झालं. खालचे १५ बिट शून्य करा. त्यातून ९२२३३७२०३६८५४७७५८०८ वजा करा. उत्तर मात्र चिन्हासहित २०आय फील्डमध्ये घ्या, नाहीतर २००० पूर्वीच्या तारखांवर ओव्हरफ्लो होईल. मग ४०९६ ने भागा, कारण बिट ५१ म्हणजे १ मायक्रोसेकंद. हे झाले २००० पासूनचे मायक्रोसेकंद. युनिक्स वेळ (१ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद) हवी असेल तर सेकंद करून ९४६६८४८०० मिळवा. पण मूळ वेळ स्थानिक आहे की यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) हे आधी ठरवा. मॅटटॉड स्थानिक वेळ देतं. यूटीसीसाठी मॅटएमडेटा (MATMDATA) ही सूचना आहे.

पडताळायला दोन किमती. ८००१४१डीडी७६ आणि पुढे सहा शून्यं म्हणजे २ जानेवारी २००० ची मध्यरात्र. एबी०डी५डी४ई९४ आणि पुढे सहा शून्यं म्हणजे १ जानेवारी २०२४ ची. दुसरीत शेवटचे चार अंक १२३४ केले तरी वेळ तीच यायला हवी. येत नसेल तर खालचे बिट पुसायचे राहिलेत.

मायक्रोसेकंद १५ अंकी पॅक्ड (एका बाइटमध्ये दोन दशमान अंक ठेवणाऱ्या) फील्डमध्ये ठेवायची जुनी सवय असेल तर ती आत्ताच मोडा. ९ सप्टेंबर २०३१ ला १:४६:४० वाजता ही संख्या १६ अंकी होते. सेकंद आणि उरलेले मायक्रोसेकंद वेगळे ठेवले की हा प्रश्नच उरत नाही.

चुकलेली तारीख बहुतेक वेळा स्वतःच कारण सांगते. अहवालात २३ ऑगस्ट १९२८ दिसली तर फील्ड भरलेलंच नाही, आठही बाइट्स शून्य आहेत. १७ जून १९६४, रात्रीचे ८:२९ दिसले तर फील्डमध्ये ईबीसीडीआयसीचे (आयबीएमच्या अक्षर-संकेतांतले) कोरे रकाने आहेत, म्हणजे हेक्स ४० आठ वेळा. ही तारीख एकदा ओळखीची झाली की डंप (बाइट्सची कच्ची यादी) उघडावाही लागत नाही. सगळ्याच तारखा साडेअठ्ठावीस वर्षांहून थोड्या जास्त मागे गेल्या असतील, तर कुणीतरी आयबीएमच्या मेनफ्रेमची (मोठ्या संगणकांची) रीत उचलली आहे. तिथेही बिट ५१ म्हणजे १ मायक्रोसेकंदच, पण मोजणी १९०० पासून. आणि तारखा कसल्याच नियमाशिवाय भरकटल्या असतील तर फाइल कशी हलवली ते पाहा: एफटीपीच्या टेक्स्ट मोडमध्ये हे आठ बाइट्स अक्षरं समजून बदलले जातात. पीसीवर वाचताना बाइट्सचा क्रम उलटायला विसरलं तरी असाच गोंधळ होतो.

टाइमस्टॅम्प नोंद ओळखायची किल्ली म्हणून वापरायचा असेल तर मूळ आठ बाइट्सच ठेवा. तारखेत बदलल्यावर वेगळेपणाचे बिट जातात आणि दोन नोंदी एकसारख्या दिसू शकतात. क्रम लावतानाही बिनचिन्ह तुलना करा. चिन्हासहित केली तर २००० नंतरचं सगळं ऋण होऊन १९९९ च्या आधी जाऊन बसतं.

फक्त वाचता येईल अशी तारीख हवी असेल तर क्यूडब्ल्यूसीसीव्हीटीडीटी (QWCCVTDT) हा एपीआय, मूळ स्वरूप म्हणून स्टार डीटीएस (*DTS) देऊन, बोलवा, तो सगळं करून देतो. साधारणपणे मिलिसेकंदांपर्यंत, मायक्रोसेकंद हवे असतील तर शेवटचा ऐच्छिक पॅरामीटर मागून घ्यावा लागतो. लाखो नोंदींच्या लूपमध्ये मात्र वरची वजाबाकी-भागाकारच परवडते.