गोल फोटो, चौकोनी फाइल

फोटोची फाइल कधीच गोल नसते, ती चौकोनीच असते. वर्तुळाबाहेरचे चार कोपरे पारदर्शक केले की फोटो गोल दिसतो, एवढंच. हे एकदा लक्षात आलं की गोल फोटोच्या निम्म्या तक्रारींचं कारण समजतं. फोटो पाठवल्यावर कोपरे काळे किंवा पांढरे झाले, तर पारदर्शकता वाटेत कुठेतरी गळली असं समजा.

आणि काम सुरू करण्याआधी एक प्रश्न: फोटो खरंच गोल कापायला हवा आहे का? व्हॉट्सअ‍ॅप किंवा इन्स्टाग्रामच्या डीपीसाठी नको. तिथे अ‍ॅप स्वतःच गोल खिडकी लावतं, त्यामुळे चौरस फोटो द्यायचा आणि चेहरा मध्यभागी ठेवायचा. वेबसाइटवरही हे काम सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारा कोड, करतं. कापायची गरज पडते ती लोगो, ओळखपत्र, प्रेझेंटेशन, पोस्टर अशा ठिकाणी.

खालची पद्धत गिम्प या फोटो एडिटिंगच्या प्रोग्रामची आहे. ते फुकट मिळतं आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं.

फोटो उघडल्यावर पहिलं काम अल्फा चॅनलचं, म्हणजे पारदर्शकतेची नोंद ठेवणाऱ्या भागाचं. लेयर मेनूत ट्रान्सपरन्सी, त्यात अ‍ॅड अल्फा चॅनल. जेपीजी फोटोत पारदर्शकतेची सोयच नसते, म्हणून ती इथे जोडावी लागते. हा पर्याय फिकट दिसत असेल तर अल्फा आधीपासून आहे, पुढे चला. ही पायरी गाळली तर कोपरे पारदर्शक न होता मागच्या रंगाने, बहुधा पांढऱ्याने, भरतात. मग ‘पांढरं तेवढं जादूच्या कांडीने (एका रंगाचा भाग निवडणाऱ्या टूलने) उडवू’ असं वाटतं. ते करू नका. वर्तुळाच्या कडेवरच्या पिक्सेलमध्ये तोवर पांढरा मिसळलेला असतो, आणि गडद पार्श्वभूमीवर त्याचीच पांढरी किनार उठून दिसते. कंट्रोल-झेड दाबत मागे जा आणि अल्फा जोडून पुन्हा कापा.

आता इलिप्स सिलेक्ट टूल घ्या, शॉर्टकट ‘ई’. टूल ऑप्शन्समध्ये अँटीएलियासिंगवर टिक हवी, नाहीतर कड करवतीसारखी दातेरी येते. फेदर एजेस (कड धूसर करणारा पर्याय) बंद ठेवा. ‘फिक्स्ड’वर टिक करून अ‍ॅस्पेक्ट रेशो (रुंदी-उंचीचं प्रमाण) १:१ ठेवा, म्हणजे वर्तुळच निघेल. शिफ्टनेही हे साधतं, पण शिफ्ट ड्रॅग सुरू केल्यानंतर दाबायची. आधी दाबली तर गिम्पला वाटतं की जुन्या सिलेक्शनमध्ये भर घालायची आहे. कंट्रोलचंही तसंच: ड्रॅग सुरू झाल्यावर दाबली तर वर्तुळ जिथे क्लिक केलं तिथून चारी बाजूंना वाढतं, आधी दाबली तर सिलेक्शन वजा होतं. चेहऱ्यासाठी दोन्ही डोळ्यांच्या मधून किंचित खाली, नाकावर क्लिक करून कंट्रोल धरून ओढणं सगळ्यात सोपं. बोट उचलताना आधी माउस सोडा, मग की.

वर्तुळ केवढं घ्यायचं? चौरसात बसणारं वर्तुळ त्या चौरसाचा साधारण ७८.५ टक्के भाग व्यापतं, उरलेला २१.५ टक्के कोपऱ्यांत जातो. आणि त्याच वर्तुळात बसणारा चौरस बाजूने जेमतेम ७० टक्के असतो. म्हणजे १००० पिक्सेलच्या वर्तुळात चौकोनी मजकूर ७०० पिक्सेलच्या आतच हवा. मंडळाच्या लोगोतलं स्थापनेचं वर्ष कोपऱ्यात लिहिलेलं असेल तर ते कापलं जाणारच. चेहऱ्यासाठी डोकं व्यासाच्या साधारण ६० टक्के ठेवावं. फेटा असेल तर आणखी मागे या, नाहीतर तुरा जातो, आणि तुऱ्याशिवाय फेटा ओकाबोका दिसतो. फोटो १२०० बाय १६०० असेल तर वर्तुळाचा व्यास १२०० च्या वर जाऊ शकत नाही. दहा जणांच्या ओळीचा ग्रुप फोटो गोलात बसवायचा हट्ट सोडून द्यावा.

वर्तुळ जागेवर आलं की इमेज मेनूतून क्रॉप टू सिलेक्शन. इथे फोटो गोल होत नाही, वर्तुळाला चिकटलेल्या चौरसात कापला जातो, आणि ते बरोबर आहे. मग कंट्रोल-आय दाबून सिलेक्शन उलटं करा आणि डिलीट. कोपऱ्यांत राखाडी चौकटी दिसल्या की काम झालं. नंतर पश्चात्ताप होईल असं वाटत असेल तर डिलीटऐवजी लेयर मास्क, म्हणजे भाग न पुसता झाकणारा पडदा, वापरा: सिलेक्शन उलटं न करता लेयर, मास्क, अ‍ॅड लेयर मास्क, त्यात सिलेक्शन. झाकलेला भाग मास्कवर पांढरा ब्रश फिरवून परत आणता येतो. अर्थात क्रॉपने जे गेलं ते मास्कने येत नाही.

गोलाला रंगीत कड हवी असेल तर एक खोच आहे. स्ट्रोक सिलेक्शन रेघ सिलेक्शनच्या कडेवर मधोमध काढतं. १२ पिक्सेलच्या रेघेतले ६ आत, ६ बाहेर. कॅनव्हास वर्तुळाला चिकटलेला असल्यामुळे बाहेरचे ६ वर, खाली, डावीकडे, उजवीकडे कापले जातात आणि गोल चार ठिकाणी चपटा दिसतो. म्हणून कोपरे उडवल्यावर कंट्रोल-आय पुन्हा दाबून सिलेक्शन वर्तुळावर आणा, सिलेक्ट मेनूतून श्रिंक करून ६ पिक्सेलने आत घ्या, मगच एडिट, स्ट्रोक सिलेक्शन.

आकार लहान करायचा असेल तर सगळ्यात शेवटी, स्केल इमेजने. मोठ्या आकारात कापून लहान केलेली कड नितळ येते.

सेव्ह केलं की गिम्प स्वतःची एक्ससीएफ फाइल बनवतं. ती ठेवा, पण बाहेर द्यायला एक्सपोर्ट अ‍ॅज वापरा आणि नावाच्या शेवटी पीएनजी (.png) लिहा. जेपीजी लिहिलंत तर कोपरे पुन्हा भरले जातील. एक्सपोर्टच्या चौकटीत पारदर्शक पिक्सेलचे रंग जपण्याचा पर्याय असतो, त्याची टिक काढा. ती राहिली तर उडवलेले कोपरे दिसत नाहीत, पण फाइलमध्ये असतात आणि जाणकार ते परत काढू शकतो. कोपऱ्यात शेजारच्याच्या मुलाचा चेहरा असेल तर हे महत्त्वाचं आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे पारदर्शकता टिकते.

पॉवरपॉइंटमध्ये क्रॉप टू शेपमधून ओव्हल निवडलं की आडव्या फोटोचं अंडं होतं. त्याच मेनूत अ‍ॅस्पेक्ट रेशो १:१ केला की अंड्याचा गोल होतो. इथेही कापलेला भाग फाइलमध्येच राहतो, तो काढायला कॉम्प्रेस पिक्चर्समध्ये जाऊन कापलेले भाग पुसण्याचा पर्याय निवडावा लागतो.

छपाईचं गणित वेगळं. ५८ मिलिमीटरच्या बिल्ल्याला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) सुमारे ६८५ पिक्सेल लागतात, पण कागद पत्र्याच्या मागे वळतो, त्यामुळे चित्र त्याहून मोठं हवं. ७० मिलिमीटर धरलं तर ८२७ पिक्सेल. नेमकं माप दुकानदाराच्या कटरवर अवलंबून असतं, त्यालाच विचारा. आणि फ्लेक्सवाल्याला शुभेच्छुकांचे फोटो गोल कापून देऊ नका, मूळ चौकोनी फोटो द्या. कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रामात तो वर्तुळ काढून पॉवरक्लिपने फोटो आत टाकतो, आणि वीसही चेहरे एका मापाचे बसवायला त्याला आजूबाजूची जागा लागते.