मेहुण्याची काडतुसं आणि तीन गोळ्यांचा ग्रुप

माझा मेहुणा टेक्सासला असतो, आयटीत, आणि तिकडे गेल्यावर त्याला हरणाच्या शिकारीचा नाद लागला. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून शिकार बंद, त्यामुळे सासूबाईंनी त्याला फोनवर भरपूर सुनावून झालंय, तो विषय वेगळा. मला शिकारीशी काही घेणंदेणं नाही, पण हा पठ्ठ्या काडतुसं घरी भरतो म्हटल्यावर माझे कान टवकारले, कारण माझी नोकरी भोसरी एमआयडीसीत क्वालिटीची. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, पुणेकराला काडतूस म्हटलं की तेच आठवणार, गॅरेजमधल्या टेबलावर बसून माणूस एकेक काडतूस भरतो हे मला नवीनच होतं.

करतात काय, तर उडालेली पितळी केस परत घ्यायची, डायमधून काढून मापात आणायची, नवा प्रायमर (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) दाबायचा, पावडर मोजून ओतायची आणि वर बुलेट, म्हणजे पुढे उडणारी गोळी, बसवायची. त्याची रायफल .२७० विंचेस्टरची, १९२५ सालचं काडतूस पण तिकडे अजून जोरात चालतं. पावडर मोजतात ग्रेन नावाच्या वजनाच्या मापात, त्याच्याही दहाव्या भागापर्यंत, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमचा हिशोब, आमच्याकडे काही लोकांना मायक्रोमीटर धड धरता येत नाही आणि हा घरी बसून हे करतो!

तर झालं असं की त्याने एक्सेल पाठवली. पावडर थोडी थोडी वाढवत नेलेली, प्रत्येक मापाच्या तीन गोळ्या १०० यार्डांवर मारलेल्या, आणि एका मापाला ग्रुप, म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांमधलं अंतर, आला होता अर्ध्या इंचाचा. "दाजी, हे बघा, नोड सापडला!" नोड म्हणजे बॅरलला मानवणारं नेमकं माप, असं ही मंडळी मानतात. मी म्हटलं अरे बाबा, तीन पीस मोजून तू प्रोसेस पास करतोस? माझ्या कस्टमरने ऑडिटमध्ये असा कागद पाहिला तर मला गेटबाहेर काढेल.

त्याला पटेना. मग मी सांगितलं की सगळी काडतुसं एकाच मापाची भर, तीन-तीनच्या पुड्या कर, वहिनीला त्यांच्यावर मनाला येतील ते नंबर टाकायला सांग आणि नेहमीसारखी टेस्ट कर. केली त्याने. सगळं सेम असून एक पुडी ०.६ इंच, दुसरी दीड इंच, मधे बाकीच्या, आणि ग्राफ काढला तर त्यातही मस्त "नोड" दिसत होता. दोन दिवस त्याचा मेसेज नाही.

यात जादू काही नाही. त्याच रायफलचा, त्याच लोडचा (म्हणजे तीच बुलेट, तेवढीच पावडर) दहा गोळ्यांचा ग्रुप तीनच्या ग्रुपपेक्षा सरासरी दीडपटीहून मोठाच येणार, कारण जास्त मारल्या की टोकाच्याही पडणार. वेगाचंही तेच, क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) पाच गोळ्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे वेगातला चढउतार, १० फूट प्रति सेकंद आलं म्हणून हे लोक पार्टी करतात, पण पाच सॅम्पलवर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खरा आकडा ६ ते २९ मधे कुठेतरी आहे. एवढ्यावर दोन लोडमधला फरक काय कप्पाळ कळणार?

मग फरक कशाने पडतो? माझं मत विचाराल तर पावडरच्या दहाव्या ग्रेनपेक्षा बुलेट बदलण्याने जास्त, एखाद्या बॅरलला एखादी बुलेट आवडतच नाही, आणि ते पटकन दिसतं. बाकी कंटाळवाणी कामं. काडतुसाची लांबी टोकापासून मोजायची नाही, टोकं मुळातच कमीजास्त असतात, बुलेटच्या गोलाईवर गेज लावून मोजायची. वजनकाटा रोज चेकवेटने तपासायचा. आणि एकच काडतूस दहादा मोजून बघायचं, दहा वेगळे आकडे आले तर आधी स्वतःचा हात सुधारा. (हे त्याला फार लागलं.)

एका बाबतीत मात्र तो माझ्याहून कडक आहे. मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापापासूनच चढायचं, रायफलचा बोल्ट (मागचा खटका) उघडताना जड लागला, म्हणजे दाब जास्त झाला, की तिथेच थांबायचं, आणि टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. चुकीची पावडर पडली तर रायफल चेहऱ्याजवळच फुटू शकते, तिथे रिजेक्शन, रिवर्क वगैरे काही नसतं.

आता तो दोनच लोड घेतो, प्रत्येकाच्या वीस-वीस गोळ्या, आणि सगळ्या छिद्रांचं मधल्या बिंदूपासून सरासरी अंतर काढतो. सगळं मिळून, ग्रुपच्या हिशोबात, सव्वा इंचाची रायफल निघाली. चेहरा पडला होता, पण हरणाचा छातीचा भाग सात-आठ इंचांचा आणि हा मारणार दीडशे यार्डांच्या आतून, त्याला अर्धा इंच हवाय कशाला? शिकारीत खरी मोजायची ती गार बॅरलची पहिली गोळी, म्हणून तो हल्ली रेंजवर गेला की आधी एक गोळी एका ठरलेल्या कागदावर मारतो आणि कागद घडी घालून परत आणतो, पुढच्या वेळी पुन्हा तोच लावायला. त्यातल्या बऱ्याच गोळ्या उन्हाळ्यातल्या आहेत आणि त्यांचा सीझन नोव्हेंबरात, गारठ्यात पावडरचा वेग उतरतो, त्यामुळे थंडीतल्या गोळ्यांना वेगळ्या रंगाची खूण करायला सांगितलंय.